कोंबड्यांचे रक्त पिणारे माइट्स : रात्रीचा चोर ओळखा, धंदा सांभाळा

कोंबडीपालन हा आपल्या अनेक बांधवांचा जोडधंदा आहे. कोणी दोन-चारशे अंड्यांच्या कोंबड्या पाळतो, कोणी गावठी कोंबड्या पाळून बाजारात विकतो, कोणी खाद्याचा व्यापार करतो, कोणी पिंजरे व खुराडी बनवतो, तर कोणाचे चिकनचे दुकान आहे. या सर्वांचे एकमेकांशी उधारीचे आणि विश्वासाचे व्यवहार असतात. कोंबडीला लागलेला एक डोळ्यांना जेमतेम दिसणारा किडा हे सारे व्यवहार कसे बिघडवू शकतो आणि त्याचा बंदोबस्त कसा करावा, याची माहिती या लेखात देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

निर्मळची एक हकीकत

वसई तालुक्यातील निर्मळ हे गाव तळ्यासाठी आणि कार्तिकातल्या जत्रेसाठी प्रसिद्ध आहे. केळी, नारळ, भाजीपाला आणि फुले यांच्या वाड्या, विहिरींचे पाणी आणि समुद्राकडून येणारी ओली हवा. अशाच एका वाडीच्या कडेला आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी पाचशे अंड्यांच्या कोंबड्यांची शेड टाकली होती. रोज सरासरी चारशे अंडी निघत. पावसाळा सुरू झाला आणि अंडी कमी होऊ लागली. तीनशे नव्वद, तीनशे सत्तर, मग तीनशे साठ. कोंबड्यांचे तुरे फिके पडले. काही कोंबड्या संध्याकाळी शेडमध्ये शिरायला तयार होईनात. अंड्यांच्या कवचावर बारीक लाल ठिपके दिसू लागले.

त्यांची पहिली शंका खाद्यावर गेली. नालासोपाऱ्याच्या एका व्यापाऱ्याकडून ते वर्षानुवर्षे खाद्य घेत. "शेठ, तुम्ही मालात भेसळ केली," असे त्यांनी तोंडावर सांगितले आणि दोन महिन्यांचे बिल अडवून ठेवले. व्यापारी म्हणाला, "भाई, हाच माल मी आणखी दहा जणांना देतो. त्यांची अंडी कमी झाली का, ते विचारून या." शब्दाने शब्द वाढला आणि जुना व्यवहार तुटायची वेळ आली.

आम्ही ती शेड दुपारी पाहिली. काहीच दिसले नाही. जाणकारांनी सुचवले की रात्री पाहा. इशाच्या नमाजनंतर तासाभराने टॉर्च घेऊन गेलो आणि कोंबड्या बसण्याच्या लाकडी दांड्याची खालची बाजू पाहिली. दांडा आणि भिंत जिथे मिळतात तिथे लाल-करड्या रंगाची जिवंत पूड हलत होती. हात टेकला तर हातावर चढली. चिरडल्यावर बोटाला रक्त लागले. ते रक्त कोंबड्यांचे होते. खाद्यात काही दोष नव्हता. त्या गृहस्थांनी शेड वाढवताना बंद पडलेल्या एका फार्मवरून जुने लाकडी दांडे आणि अंडी घालण्याची खोकी स्वस्तात आणली होती. चोर त्या लाकडात बसून घरी आला होता.

रोज चाळीस अंडी कमी म्हणजे महिन्याला बाराशे, म्हणजेच तीस अंड्यांचे चाळीस ट्रे. ज्याने हा तोटा सोसला आहे त्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

माइट म्हणजे काय?

आपल्याकडे कोंबडीच्या अंगावरच्या सर्वच किड्यांना सरसकट "पिसवा" किंवा "उवा" म्हटले जाते. परंतु उपाय बरोबर करायचा असेल तर किडा ओळखणे आवश्यक आहे. ऊ आणि पिसू हे सहा पायांचे कीटक आहेत. माइट हा कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला आठ पायांचा जीव आहे. वांगी-भेंडीच्या पिकावर पडणारा लाल कोळी वाडीवाल्यांना ठाऊक असतो. तोही माइटच, परंतु तो झाडाचा रस शोषतो. कोंबडीवरचा माइट वेगळा. एकाचे औषध दुसऱ्याला चालेलच असे नाही.

कोंबडीपालकाला मुख्यतः तीन प्रकारचे माइट्स ओळखता आले पाहिजेत.

(१) लाल माइट. हा कोंबडीच्या अंगावर राहत नाही, शेडमध्ये राहतो. शास्त्रज्ञांनी त्याची नोंद १७७८ सालीच केली आहे. पूर्ण वाढलेला माइट एक मिलिमीटरपेक्षा लहान असतो. उपाशी असताना करडा-पांढरा, रक्त प्याल्यावर लाल. दिवसा तो दांड्याच्या सांध्यात, भिंतीच्या भेगेत, पिंजऱ्याच्या जोडात किंवा वाळलेल्या विष्ठेच्या थराखाली लपतो. रात्री बाहेर पडून कोंबडीवर चढतो, अर्धा-एक तास रक्त पितो आणि परत लपायला जातो. त्यामुळे दिवसा कोंबडी हातात धरून कितीही तपासली तरी तो सापडत नाही.

(२) अंगावर राहणारा माइट. याच्या दोन जाती आहेत. एक जास्त करून थंड प्रदेशात आढळते, दुसरी आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात. हा आपले सारे आयुष्य कोंबडीच्या पिसांत काढतो. तो गुदद्वाराभोवती जमतो, तेथील पिसे काळपट, चिकट व मळकट दिसतात. उष्ण प्रदेशातली जात खुडूक कोंबडीच्या घरट्यातही फार वाढते. अंड्यांवर बसलेली कोंबडी अंडी सोडून उठते ती अनेकदा या किड्यांच्या त्रासाने.

(३) पायांच्या खवल्यांचा माइट. हा पायाच्या खवल्यांखाली बीळ करून राहतो. पाय जाड होतात, खवले वर उचलले जातात, पांढुरकी खपली धरते. गावठी आणि वयाने मोठ्या कोंबड्यांत तो जास्त दिसतो. पुढे कोंबडी लंगडते आणि बोटेही गळतात. चिकनच्या दुकानात येणाऱ्या गावठी कोंबड्यांचे असे पाय आपण पुष्कळदा पाहतो, पण तो आजार आहे हे ध्यानात घेत नाही.

वसईच्या पट्टीत हा त्रास का वाढतो?

लाल माइटला पंचवीस ते तीस अंश उष्णता आणि सत्तर-ऐंशी टक्के दमटपणा सर्वात जास्त मानवतो. निर्मळ, सोपारा, आगाशी, अर्नाळा या किनारपट्टीवर पावसाळ्यात नेमके हेच हवामान असते. अशा हवेत अंड्यापासून पूर्ण माइट तयार व्हायला आठवडाभर पुरतो. मादी दर वेळी रक्त पिऊन चार ते आठ अंडी घालते. आज शंभर असतील तर महिन्याभरात त्यांचा हिशेब ठेवणे कठीण होते.

दुसरे असे की, हा किडा उपाशी राहण्यात पटाईत आहे. थंड-दमट जागी तो रक्ताशिवाय अनेक महिने काढतो. "कोंबड्या विकल्या, शेड दोन महिने रिकामी ठेवली, आता किडे मेले असतील," हा हिशेब म्हणूनच चुकतो. नवी पिल्ले येताच भेगांतले उपाशी माइट्स त्यांच्यावर तुटून पडतात.

नुकसान कसे होते?

दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात साधारण शंभर मिलिलिटर रक्त असते. माइट्सची संख्या फार वाढली तर एका रात्रीत त्यातील तीन टक्क्यांपर्यंत रक्त जाऊ शकते. रोज तीन मिलिलिटर रक्त गेले तर अंडे घालण्याची ताकद कुठून येणार? कोंबडी रात्री झोपत नाही, दिवसा चिडते, एकमेकींची पिसे उपटते, खाद्य जास्त खाते आणि अंडी कमी देते. फार झाले तर रक्त कमी होऊन मरते. त्याखेरीज देवी, साल्मोनेला अशा रोगांचे जंतू हे माइट्स एका कोंबडीकडून दुसरीकडे नेऊ शकतात.

हा प्रश्न फक्त आपल्या लहान शेडचा नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार युरोपातील सुमारे ८३ टक्के अंड्यांच्या फार्मवर लाल माइट आहे. तेथील यंत्रे आणि पैसा पुरे पडला नाही, तिथे आपण गाफील राहून कसे चालेल?

माणसालाही हे चावतात. अंडी गोळा करणाऱ्या बायका-मुलांच्या हातावर, पोटावर खाज सुटून पुळ्या येतात. माणसाच्या अंगावर हे माइट्स घर करत नाहीत. तेव्हा खरजेची मलमे लावत बसण्यापेक्षा शेडचा बंदोबस्त केला म्हणजे खाज थांबते. घराच्या छपराखाली कबुतराचे जुने घरटे असेल तर तेथूनही असा त्रास होतो.

ओळख पटवण्याच्या सोप्या रीती

खर्च करण्यापूर्वी खात्री करावी. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

(१) अंधार पडल्यावर तास-दोन तासांनी टॉर्च घेऊन शेडमध्ये जावे. दांड्याची खालची बाजू, टोके, खिळ्यांची भोके आणि पिंजऱ्याचे जोड पाहावेत.

(२) पांढरा कपडा दांड्याच्या खालून ओढावा. लाल रेघा उमटल्या तर लाल माइट आहे.

(३) खोक्याचा नालीदार पुठ्ठा गुंडाळून दांड्याखाली बांधावा. दोन दिवसांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकून पिशवी बंद करावी आणि मग पाहावे. पुठ्ठ्याच्या नळ्यांत माइट्स जमतात. पाहून झाल्यावर पुठ्ठा जाळावा, उकिरड्यावर टाकू नये. दर पंधरा दिवसांनी असे सापळे लावल्यास किडे वाढताहेत की घटताहेत ते कळते.

(४) दर आठवड्याला दहा-बारा कोंबड्या उचलून गुदद्वाराजवळची पिसे फुंकर मारून पाहावीत. कातडी आणि पिसांच्या बुडाशी हलणारे ठिपके दिसतात.

(५) थोडे किडे स्पिरिटच्या बाटलीत घालून जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावेत. मुंबईत परळला १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मोठा फार्म असेल तर तेथील तज्ज्ञांचा सल्लाही घेता येतो.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. अंडी कमी झाली म्हणजे कारण माइटच, असे धरून चालू नये. कोंबड्या एकाएकी मोठ्या संख्येने मरू लागल्या, डोके व तुरा सुजला, निळा पडला, तर ताबडतोब पशुसंवर्धन खात्याला कळवावे. फेब्रुवारी २०२२ मध्ये वसई-विरार भागातच बर्ड फ्लू आढळला होता. अशा वेळी लपवाछपवी केल्यास स्वतःचेच नव्हे तर साऱ्या तालुक्याचे नुकसान होते.

बंदोबस्त : पहिले काम झाडू आणि गरम पाण्याचे

बरेच लोक थेट औषधाच्या दुकानात जातात. आमच्या मते औषधाचा नंबर शेवटी आहे. लाल माइट भेगेत राहतो, विष्ठेच्या थराखाली राहतो. तिथपर्यंत औषध पोहोचले नाही तर वरवर फवारून पैसे वाया जातात. म्हणून क्रम असा ठेवावा.

प्रथम दांडे, खोकी, जे सुटे होते ते सर्व बाहेर काढावे. जुने तूस, घरट्यांतला पेंढा, जाळी-कोळिष्टके काढून जाळावीत किंवा बंद पोत्यात भरून दूर न्यावीत. दुसऱ्याच्या वाडीत खत म्हणून लगेच देऊ नयेत. नंतर खरवडून विष्ठेचे थर काढावेत. लाकडावर उकळते पाणी सांध्यासांध्यात ओतावे. पंचेचाळीस अंशांच्या वर उष्णता गेली की हा किडा तगत नाही. लोखंडी जाळी आणि पाइप यांवर गॅसची फ्लेमगन फिरवता येते. मात्र कोंबड्या, तूस, पेंढा आणि झापांचे छप्पर यांपासून दूर, उघड्या जागी आणि पाण्याची बादली जवळ ठेवूनच. सुटे दांडे काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन दिवस टाकल्यासही उपयोग होतो.

सर्व कोरडे झाले की भेगा सिमेंटने किंवा लांबी भरून बुजवाव्यात आणि भिंतींना चुन्याचा जाड हात द्यावा. चुना भेगा झाकतो, जागा कोरडी ठेवतो आणि पांढऱ्या भिंतीवर किडा लगेच नजरेस पडतो. ही जुनी रीत स्वस्त आहे म्हणून कमी प्रतीची मानू नये.

राखेची आंघोळ

कोंबडी धुळीत लोळते ती उगीच नाही. बारीक धूळ पिसांत शिरून किड्यांना सुकवते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पिंजऱ्याबाहेरच्या कोंबड्यांना धुळीची पेटी ठेवली असता त्या पेटीत लोळणाऱ्या कोंबड्यांवरचे अंगावर राहणारे माइट्स मोठ्या प्रमाणात घटले. धुळीत गंधकाची भुकटी मिसळली तेव्हा परिणाम सर्वात चांगला आला.

तेव्हा एका पसरट खोक्यात कोरडी बारीक माती आणि चाळलेली लाकडाची राख घालून ती पावसाचे पाणी लागणार नाही अशा जागी ठेवावी. कोळशाची किंवा प्लॅस्टिक जाळलेली राख वापरू नये. गंधक घालायचे तर पशुवैद्याला प्रमाण विचारून घालावे. बंद शेडमध्ये धूळ उडवू नये, कारण ती कोंबडीच्या आणि आपल्याही छातीत जाते. लाल माइट शेडमध्ये राहत असल्याने केवळ राखेवर त्याचा निकाल लागत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आणखी एक गोष्ट याच प्रकारच्या संशोधनातून पुढे आली आहे. ज्यांची चोच कापली आहे त्या कोंबड्यांना चोचीने पिसे साफ करता येत नाहीत, म्हणून त्यांच्या अंगावर माइट्स जास्त वाढतात. चोच कापलेल्या कोंबड्यांची तपासणी त्यामुळे अधिक काटेकोर ठेवावी.

पायांच्या खवल्यांवर उपाय

कोमट साबणाच्या पाण्यात पाय पाच-दहा मिनिटे भिजवावेत. जुन्या मऊ टूथब्रशने सैल झालेली खपली हलक्या हाताने काढावी. रक्त येईल असे खरवडू नये. पुसून कोरडे झाल्यावर व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल सर्व खवल्यांत जाईल असे चोळावे. बिळात हवा जात नाही आणि माइट गुदमरून मरतो. हा उपाय दर दोन-तीन दिवसांनी काही आठवडे नेटाने करावा लागतो. जुने लोक घासलेटात पाय बुडवत. त्याने कातडी भाजते, कोंबडीला यातना होतात. ती पद्धत सोडून द्यावी. आजारी कोंबडी वेगळी ठेवावी आणि तिच्या दांड्याची सफाई करावी.

औषध वापरताना

सफाई करूनही त्रास राहिला तर औषध लागते. ते कोणते, किती आणि कसे, हे पशुवैद्यानेच सांगावे. आम्ही येथे फक्त सावधगिरीच्या गोष्टी सांगतो.

(१) लेबलवर कोंबड्यांसाठी आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी चालते असे छापलेले असेल तेच औषध घ्यावे. पिकांसाठीचे औषध स्वस्त पडते म्हणून शेडमध्ये फवारू नये.

(२) एका फवारणीने काम होत नाही. माइटची अंडी औषधातून वाचतात. ती फुटल्यावर, साधारण सात ते दहा दिवसांनी, दुसरी फेरी करावीच लागते. बरेच लोक येथे फसतात. पहिल्या फवारणीनंतर किडे दिसेनासे झाले की ते बाटली बंद करतात आणि पंधरा दिवसांत सारे पूर्ववत होते.

(३) वर्षानुवर्षे एकच औषध वापरल्यास किडे त्याला सरावतात. औषधाचा गट बदलत राहावा.

(४) फवारणीपूर्वी अंडी उचलावीत, खाद्य-पाणी झाकावे. तोंडाला कपडा, हातात मोजे असावेत.

(५) शेळी-मेंढीची इंजेक्शने अंदाजाने कोंबडीला देऊ नयेत. औषधाचा अंश अंड्यात आणि मांसात उतरतो. पशुवैद्य जितके दिवस सांगेल तितके दिवस अंडी व कोंबड्या विकू नयेत.

(६) कपाटातल्या जुन्या बाटल्या तपासाव्यात. लिंडेनचा वापर आपल्या देशात मार्च २०१३ पासून बंद आहे. कार्बारिलवर ऑगस्ट २०१८ मध्ये बंदी आली. डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. एके काळी ही औषधे कोंबड्यांच्या शेडमध्ये सर्रास वापरली जात. कोणी आजही "जुना स्टॉक आहे, जालीम आहे" म्हणून देऊ केला तर घेऊ नये.

युरोपात २०१७ पासून पाण्यातून देण्याचे फ्लुरालानेर नावाचे औषध लाल माइटसाठी मान्य झाले आहे. कोंबडी ते पाणी पिते आणि तिचे रक्त पिणारा माइट मरतो. सात दिवसांच्या अंतराने दोन वेळा ते देतात. याची चौकशी पशुवैद्याकडेच करावी, परस्पर प्रयोग करू नयेत.

हॉलंडची गोष्ट : जादूच्या औषधाची किंमत

२०१७ च्या उन्हाळ्यात हॉलंड आणि बेल्जियममध्ये जे घडले ते प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवावे. तेथे शेडची सफाई करून देणारे कंत्राटदार निलगिरी आणि पुदिन्याच्या अर्काचे "नैसर्गिक" औषध म्हणून एक द्रव लाल माइटवर वापरत होते. परिणाम उत्तम येई. पालक खूश होते. तपासणीत निघाले की त्यात फिप्रोनिल हे कीटकनाशक मिसळलेले आहे. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांवर त्याचा वापर युरोपात मना आहे. अंड्यांत त्याचा अंश उतरला होता. दीडशेहून अधिक फार्म बंद ठेवावे लागले, लाखो अंडी नष्ट करावी लागली आणि चाळीसहून अधिक देशांत गेलेल्या मालाची चौकशी झाली. ज्या पालकांनी केवळ विश्वासाने ते औषध मारून घेतले त्यांचेही दिवाळे वाजले.

बोध सरळ आहे. कोणी बिनलेबलचे औषध आणून "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" म्हणाला तर त्यात काय आहे ते लिहून मागावे. लिहून देत नसेल तर दारातूनच परत पाठवावे.

कारागीर आणि व्यापारी काय करू शकतात?

माइट स्वतः चालून फार लांब जात नाही. त्याला एका फार्मवरून दुसरीकडे नेणारे आपणच असतो.

सुतार व पिंजरे बनवणाऱ्या बांधवांनी दांडे खिळ्याने कायमचे ठोकू नयेत, उचलून काढता येतील असे खोबणीत बसवावेत. फळीवर फळी ठोकून आत पोकळी राहील असे जोड टाळावेत. लाकूड रंधून गुळगुळीत करावे, भेगा भरून रंग द्यावा. जेथे परवडेल तेथे दांड्याच्या घोड्या लोखंडी कराव्यात आणि त्यांचे पाय तेलाच्या वाट्यांत ठेवावेत. घरात मुंग्या लागू नयेत म्हणून कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, तीच ही युक्ती. दांडा भिंतीला चिकटत नसेल तर माइटला कोंबडीपर्यंत जायला वाट राहत नाही. अशी खुराडी बनवणाऱ्याने गिऱ्हाइकाला हा फायदा समजावून दोन पैसे जास्त मागितले तर ते रास्त आहेत.

कोंबड्यांची ने-आण करणाऱ्यांनी क्रेट प्रत्येक फेरीनंतर गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावेत. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे धुता येत नाहीत, म्हणून एका फार्मचे ट्रे दुसऱ्या फार्मवर देऊ नयेत. प्लॅस्टिकचे ट्रे वापरल्यास धुता येतात. खाद्याच्या व्यापाऱ्याने रिकामी पोती एका शेडमधून उचलून दुसऱ्याच्या शेडमध्ये ठेवू नयेत.

पालकाने बाहेरून आणलेल्या तलंगा व कोंबड्या दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवून तपासाव्यात. चिमण्या-कबुतरांची घरटी शेडच्या छपरात होऊ देऊ नयेत आणि उंदरांचा बंदोबस्त करावा. जुने सामान घेतलेच तर ते शेडमध्ये नेण्याआधी उकळत्या पाण्याने धुवावे.

शेवटी काय झाले?

निर्मळच्या त्या गृहस्थांनी जुनी खोकी जाळली, दांडे लोखंडी केले, चुना मारला आणि पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे दहा दिवसांच्या अंतराने दोन वेळा औषध फवारले. ते दिवस अंडी विकली नाहीत. दीड महिन्याने अंडी पुन्हा वाढू लागली. पूर्वीइतकी झाली नाहीत, कारण कोंबड्यांचे वय झाले होते. परंतु गळती थांबली.

मधल्या काळात एका दलालाने त्यांना सुचवले होते, "भाईजान, सारा माल विकून टाका. दिवसा कोणाला काय दिसते?" ते खरेच होते. दिवसा कोणाला काहीच दिसले नसते. पैशाची अडचणही होती. पण त्यांना आठवले की कोणीतरी असेच न सांगता आपल्याला ती खोकी विकली आणि त्यातूनच हे सारे झाले. त्यांनी नकार दिला. पुढे काही कोंबड्या विकल्या तेव्हा घेणाऱ्याला शेडमधला त्रास आणि केलेले उपाय सांगून विकल्या. भाव थोडा कमी मिळाला. तोच गिऱ्हाईक दुसऱ्या खेपेला परत आला.

आणि खाद्याच्या व्यापाऱ्याकडे ते स्वतः गेले, अडवलेले बिल चुकते केले आणि माफी मागितली. व्यापाऱ्याने चहा मागवला. तेव्हापासून त्याने दुकानात एक रिवाज ठेवला आहे. कोणी अंडी कमी झाल्याची तक्रार घेऊन आला की तो आधी विचारतो, "रात्री टॉर्च घेऊन पाहिले का?"

मालातला ऐब सांगून विकणे हा आपल्याकडे व्यवहाराचा पहिला नियम मानला जातो. माइटच्या बाबतीत तो नियम पाळला तर विकणारा, घेणारा आणि खाणारा असे तिघेही वाचतात. आमची वाचकांना एवढीच विनंती आहे की, आज रात्रीच टॉर्च घेऊन आपल्या शेडमध्ये जावे. काही निघाले नाही तर समाधानाने झोपावे. निघाले तर सकाळी झाडू, गरम पाणी आणि चुना यांनी कामाला सुरुवात करावी आणि शेजारच्या पालकालाही सांगावे.